रडणारी गिरणी आणि सासूबाईंचा खल

लग्न ठरायच्या आधी मी देवाकडे एकच मागणं मागितलं होतं, सासरी दळायला लागू नये. नवरा काळा असो, गोरा असो, सासू खाष्ट असो, माझी काही हरकत नव्हती. आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरातलं जातं इतकं जड होतं की आई आणि मी, दोघींनी ओढलं तरी ते उपकार केल्यासारखं फिरायचं. तळहातावर घट्टे पडले होते. मैत्रिणींच्या हातावर मेंदी रंगायची आणि माझ्या हातावर ती घट्टे चुकवून बसायची. म्हणून म्हसावदच्या गिरणीवाल्यांचं स्थळ आलं, तेव्हा मी मुलाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"गिरणी शे ना?" मी आईला म्हटलं. "मंग व्हऊ द्या."

देव मागितलेलं देतो, पण मागणं नीट मांडता आलं पाहिजे. मी सासरी गिरणी मागितली, ती मिळाली. तिच्यावर घरचं दळण दळलं जावं, असं सांगायचं राहून गेलं होतं. हळद उतरली नाही तोच सासूबाईंनी ओसरीच्या कोपऱ्यातलं जातं दाखवलं. ते आईच्या जात्याचा मोठा भाऊ शोभेल असं होतं.

"गिरणी गावसाठे शे," त्या म्हणाल्या. "घरनं दयन घरमा."

अंगणापलीकडे आमच्याच मालकीची गिरणी चालू, सगळं गाव टोपल्या घेऊन रांगेत उभं, आणि गिरणीवाल्याची सून ओसरीवर घाम गाळत जातं ओढतेय. रांगेतल्या बाया माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. हलवायाच्या पोराला गूळ चाटायला लावावा तशी माझी गत झाली होती. मला फार राग यायचा, आणि तो सगळा ज्वारीवर निघायचा. त्यामुळे आमच्या घरचं पीठ मात्र फार बारीक असायचं.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं नाही. आमची गिरणी रडायची. त्या गिरणीत दोन दगडांपैकी वरचा पक्का बसवलेला आणि खालचा फिरता होता. तो फिरता दगड एका उभ्या लोखंडी शाफ्टच्या डोक्यावर बसवलेला. शाफ्टचा पाय खाली खड्ड्यात एका वाटीत टेकलेला, त्या वाटीला सगळे बेरिंग म्हणत. दगडाचा, दळणाचा, सगळ्याचा भार त्या एवढ्याशा वाटीवर. तिच्यात सारखं एरंडेल ओतत राहावं लागे. जरा हयगय झाली की वाटी कोरडी पडायची आणि शाफ्ट असा किंचाळायचा, की रस्त्यावरचे बैल कान टवकारून उभे राहायचे. वाटी झिजली की शाफ्ट खाली बसायचा, दगडांमध्ये फट पडायची आणि पिठाऐवजी रवा निघायचा. मग सासरे खड्ड्यात उतरून खाली पत्र्याचे तुकडे सरकवायचे आणि वर येताना तोंडापासून धोतरापर्यंत काळे होऊन यायचे.

"जी गिरणी दिनभर रडस, तिन्हावर देवीना रोट दयाना?" सासूबाई म्हणायच्या. "मी जित्ती शे तवपावत नही."

देवी म्हणजे कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि तिचे रोट करतात. भाऊबंदकीत जितके पुरुष, त्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. तान्हं पोर असो की परगावी गेलेला असो, कुणाचीही मूठ सुटत नाही. आमच्या घराण्याला देवाने पुरुषांची ददात ठेवली नव्हती. ते सगळे गहू सोवळ्याने, गाणी म्हणत, घरच्या जात्यावर दळायचे. पहिल्या वर्षी गाणी इतर बायांनी म्हटली आणि दळलं मी.

त्याच वर्षी रोटाच्या जेवणात सासरे म्हणाले, "गिरणीनं रडं मी बंद करसू. मंग?"

"ज्या दिन ती न रडता देवीना गहू दयी दी, त्या दिन मी स्वता जातं उचलीसन गोठामा ठेवसू," सासूबाई म्हणाल्या.

मी पदराआडून हे ऐकलं आणि माझा घास तोंडातच राहिला. त्या क्षणापासून जगात माझं एकच दैवत होतं, ते म्हणजे शाफ्टखालची वाटी.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नाही. पण घर म्हटलं की बोलावं तर लागतं. मग मी ओसरीच्या खांबाला सांगायची, "खांबा, भाकर वाढेल शे." सासरे खांबाला म्हणायचे, "येस म्हना," म्हणजे येतो म्हणून सांगा. गिरणीतही एक खांब होता. तिथे निरोप असा जायचा, "खांबा, पाटीलघरनी बाई तिन्ही टोपली मांगी ऱ्हायनी." माझे यजमान शहाद्याला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते आणि आठवड्याला घरी येत, त्यामुळे मधल्या दिवसांत खांबावर फार भार पडे. घरातल्या सगळ्यांचं सगळं त्याला ठाऊक होतं. खरा शहाणा तो एकटाच, कारण तो कुणाला काही सांगायचा नाही.

सासऱ्यांनी रडं बंद करायचं मनावर घेतलं. तळोद्याला त्यांचे एक जुने मित्र होते, लेथवाले मिस्त्री. पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच मुसलमान घर. अर्धं बोलणं आमच्यासारखं, अर्धं हिंदी, आणि दर वाक्याला हसणं. ते यायचे, आणि दोघं म्हातारे खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसायचे. कोळशाने भिंतीवर चित्रं काढायचे, मग त्यावरून भांडायचे. चहा मीच नेऊन द्यायची, त्यामुळे त्यांचा बेत मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेला. वाटी मोठी, जाड, खोल करायची, तिच्यात एकदाच एरंडेल भरायचं. शाफ्टच्या पायाला मळसूत्रासारखी खाच पाडायची. शाफ्ट फिरला की तेल खाचेतून आपोआप वर चढेल, बाजूच्या भोकातून परत खाली उतरेल. शाफ्ट आपलं तेल आपण पिईल. आणि सगळ्याच्या खाली एक जाड स्क्रू. वाटी झिजली की स्क्रू फिरवायचा, शाफ्ट वर, दगड वर, पीठ परत बारीक. खड्ड्यात उतरणं नको, पत्रे नकोत, ओतणं नको.

अडलं होतं ते वाटीपाशी. इतकं जाड आणि अशा आकाराचं पितळ मिळेना. ओताऱ्याने ओतून दिलेल्या पहिल्या वाटीला भोकं निघाली आणि दुसरी तडकली.

आणि मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला आमच्या घरातला खल नाहीसा झाला.

हा खल सासूबाईंच्या माहेरचा. जाडजूड पितळी, तळ असा की बैलाने लाथ मारली तरी हलणार नाही. त्यात रोज चहाचं आलं कुटलं जायचं. सासूबाईंनी सगळं घर पालथं घातलं. कणगीत हात घातले, गोठ्यातलं गवत उपसलं, मांजरीकडेसुद्धा संशयाने बघितलं. शेवटी त्यांनी निकाल दिला की खल त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, नेला. या जाऊबाई शेजारच्याच घरात राहायच्या आणि त्यांना पितळेची भांडी फार आवडायची, एवढाच पुरावा. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

मला एक गोष्ट पटत नव्हती. चोराने खल नेला, मग बत्ता का ठेवला? बत्ता तसाच फळीवर पडून होता. अशी चोरी फक्त पुरुषच करू शकतो. पण हा काही खांबाला विचारण्यासारखा प्रश्न नव्हता.

त्याच आठवड्यात तळोद्याहून मिस्त्री कापडात गुंडाळलेलं काही तरी घेऊन आले आणि दार लावून दोघं दिवसभर ठोकत बसले. चहा द्यायला गेले तर मिस्त्री दारातूनच कप घेत म्हणाले, "बेटी, अंदर मत आ. बेरिंग को नजर लगती." आतून सासरे हसले. मी समजायचं ते समजले.

शेवटी वाद झाला तो झाकणावरून. शाफ्ट झाकणातून आत जातो, तिथली फट बुजवायला मिस्त्री चामड्याची चकती आणत होते.

"चमडाबिगर नही चालाव, भाऊ," ते म्हणत होते. "पानी-धूळ अंदर जाई."

"देवीना गहू दयाना शेत. चामडं नको," सासरे म्हणाले.

मिस्त्रींनी खूप समजावलं. सासरे ऐकेनात. मग कापडाची घट्ट चुंबळ करून ती तिथे बसवली. "ठीक है," मिस्त्री म्हणाले, "तुमनी देवी, तुमना कपडा."

गिरणी सुरू झाली आणि रडली नाही. एंजिन आपलं ठकठक करत होतं, पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं, पण शाफ्टचा आवाज नाही. सासरे खड्ड्यापाशी कान लावून बसले होते. खूप वेळाने त्यांनी वर बघितलं, डोळे ओले झाले होते. खांबाला म्हणाले, "पी ऱ्हायना. आपलं आपण पी ऱ्हायना." मलाही रडू आलं, पण ते जात्याच्या आठवणीने.

गावाला मात्र हे काही पचेना. बाया कोपऱ्यापर्यंत यायच्या, किंकाळी ऐकू येत नाही म्हणून गिरणी बंद समजून परत जायच्या. ज्या आत यायच्या त्या पीठ चिमटीत धरून विचारायच्या, "रडनी नही, मंग दयनी कशी?" एका म्हातारीने तर पीठ परत टोपलीत भरून पुन्हा दळायला लावलं. पहिल्यांदा ते नुसतं फिरलं, असं तिचं म्हणणं होतं. सासऱ्यांनी आपणहून तिला पुन्हा दळून दिलं. आनंदात माणूस असं काहीही करतो.

श्रावण आला. रोटाचे गहू धुतले, वाळवले, मुठी मोजून टोपलीत भरल्या. रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई भाऊबंदकीतल्या बाया घेऊन गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या कमरेवर पाण्याच्या घागरी.

सासऱ्यांचा चेहरा पडला. देवीचं दळण म्हणजे आधी गिरणी धुणं आलंच. आम्ही सगळेच जात्याला धुतो, तर गिरणीला का नाही? इतके महिने शाफ्टचा विचार केला, मिस्त्रींशी चामड्यावरून भांडले, पण बाया पाणी घेऊन येतील हे सासऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नको म्हणायचीही सोय नव्हती. नको म्हटलं की सासूबाई जात्याकडे वळणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"हातवरी पुसा. ओता नका," ते कसेबसे म्हणाले.

"देवीनं काम पुसीसन व्हस का?" सासूबाईंनी विचारलं आणि पहिली घागर दगडावर रिती केली.

मग त्या सगळ्या सुटल्याच. सर्वांत पुढे धाकट्या जाऊबाई. चोरीचा आळ आलेला, त्यामुळे आपण किती सोवळ्यातल्या हे दाखवायला त्यांनी दोन घागरी जास्त ओतल्या. पाणी दगडावरून शाफ्टवर, शाफ्टवरून खाली. मी गुडघ्यावर बसून खालची फरशी पुसत होते. झाकणावरची कापडाची चुंबळ पाणी पीत होती, आणि चांगली तहानलेली दिसत होती.

एंजिन सुरू झालं. सासऱ्यांनी गहू सोडले. बायांनी गाणं धरलं. पीठ यायला लागलं, पांढरं, मऊ, शांतपणे. सासूबाई गात होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष कानात होतं. मी मनातल्या मनात कानबाईला म्हटलं, बाई, एवढी टोपली उतरू दे, मी जन्मभर तुझी.

तेवढ्यात मला झाकणाच्या कडेने एरंडेल ओघळताना दिसलं. आधी एक रेघ, मग थारोळं. मला काही यंत्रातलं कळत नव्हतं, पण कणकेच्या पाण्यात तेल पडलं की कुठे जातं, हे कुठल्याही बाईला कळतं. पाणी तळाला बसलं होतं आणि तेल वर येऊन बाहेर सांडत होतं. शाफ्ट आता पाणी पीत होता. अजून रडला नव्हता, पण एक बारीक कुरकुर सुरू झाली होती. पोर भोकाड पसरण्याआधी ओठ काढतं, तशी.

मी धावत खांबापाशी गेले. "खांबा," मी म्हटलं, "तेल सांडी ऱ्हायनं."

एंजिनची ठकठक आणि बायांचं गाणं. सासऱ्यांना काय ऐकू जाणार? मी खांबाला मोठ्याने सांगितलं. मग ओरडून सांगितलं. सासरे टोपलीत मूठ घालत होते आणि समाधानाने मान डोलवत होते. खांब नेहमीसारखा उभा. आजवर इतके निरोप त्याने इमानाने पोचवले, आणि नेमका आज बहिरा झाला. कुरकुर वाढली. माझ्या डोळ्यांपुढे ओसरीचा कोपरा आला, तिथलं जातं आलं, पुढची वीस-तीस वर्षं आली. मला इतका संताप आला की मी खांब सोडला, पदर मागे टाकला आणि थेट सासऱ्यांच्या समोर जाऊन ओरडले.

"मामाजी, बंद करा! तेल वर ई ग्यं, पानी खाले बशी ग्यं!"

गाणं थांबलं. सासऱ्यांनी झटकन पट्टा सरकवला आणि दगड थांबला. शाफ्ट रडायच्या आत थांबला, हे मी आजही शपथेवर सांगते. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष होतं? सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. एकीने तर तोंडावर हात ठेवला. सून सासऱ्यांशी बोलली, तीही ओरडून, तीही देवीच्या दळणाच्या वेळी. सासरे माझ्याकडे बघत राहिले आणि मग, बहुधा काय करावं ते न सुचून, त्यांनी सरळ मलाच विचारलं, "कोठे?"

मी बोट दाखवलं. ते खड्ड्यात उतरले, स्क्रू सैल केला, झाकण काढलं आणि पाणी ओतून टाकण्यासाठी ती वाटी दोन्ही हातांनी उचलून वर ठेवली.

पितळ उजेडात आलं. धाकट्या जाऊबाईंनी सगळ्यांच्या आधी ओळखलं.

"हाऊ देख तुन्हा खल!" त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांनी त्या सासूबाईंशी बोलल्या आणि त्या एका वाक्यात त्यांनी सगळी बाकी वसूल केली. "मन्ही चोरी निंघनी का?"

सासरे खड्ड्यातच उभे. नुसतं डोकं वर दिसत होतं, आणि ते डोकंही खाली घालायच्या बेतात होतं. सासूबाई पुढे आल्या. त्यांनी खल उचलला, आतलं पाणी ओतलं, पदराने आतून बाहेरून पुसला, नाकाशी नेला. मला वाटलं, संपलं सगळं. आता गहू परत ओसरीवर जाणार.

"आलंना वास ई ऱ्हायना अजून," त्या म्हणाल्या.

तीन महिने एरंडेलात बुडालेल्या खलाला आल्याचा वास कसा येईल, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मग त्या सासऱ्यांकडे वळल्या. "इतला दिन खल हाई शाफ्टखाले व्हता?"

"हा," सासरे म्हणाले.

"म्हनीसन रडनी नही," सासूबाई म्हणाल्या. "मन्हा माहेरना खल शे. तो कसाले रडी?"

झालं. त्यांच्या दृष्टीने सगळा उलगडा झाला. खाच नाही, मळसूत्र नाही, आपलं आपण तेल पिणं नाही. गिरणी शांत झाली ती त्यांच्या माहेरच्या पितळामुळे. आणि ज्या गिरणीच्या पोटात आपल्या सैपाकघरातलं भांडं आहे, ती बाहेरची कशी राहील? सासऱ्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि शहाण्या माणसासारखं मिटलं. मला एरंडेलाचं मडकं आणायला सांगण्यात आलं. खल भरला, जागेवर बसला, कोरडी चुंबळ बांधली. उरलेले गहू दळले. गिरणी हूं की चूं करेना.

दिल्या शब्दाला सासूबाई जागल्या. घरी येऊन त्यांनी स्वतः जात्याला हात घातला. ते जागचं हलेना. मग मलाच बोलावलं आणि आम्ही दोघींनी ते ढकलत, टेकत, एकमेकींवर ओरडत गोठ्यात नेलं. मी इतकी खूश होते की पायावर आदळलं तरी मला कळलं नाही.

उंबऱ्यावर टेकून दम खात सासूबाईंनी पुढचा निकाल दिला. गिरणीत खल त्यांचा, म्हणजे गिरणी सैपाकघराची. आणि सैपाकघर सुनेचं. "म्हातारा आते थकना. उद्यापशी गिरणी तू देख."

मी देवाकडे पुन्हा कधी काही मागितलं नाही.

बोलण्याचाही निवाडा झाला. गिरणीत सासऱ्यांशी बोलायचं, घरात नाही. त्यामुळे पुढची किती तरी वर्षं आम्ही दोघं अंगणापलीकडे तास-तासभर शाफ्टवर वाद घालायचो, तेल किती, स्क्रू किती, दगडांना टाकी केव्हा लावायची. स्क्रू फिरवायला त्यांनीच शिकवलं. अंगण ओलांडून ओसरीवर आलो की मी खांबाला सांगायची, "भाकर वाढेल शे." मिस्त्रींनी पुढच्या खेपेला त्या चुंबळीवर पत्र्याची छत्री बसवली, आणि आम्ही दर श्रावणात ती छत्रीही धुतली. खल कधी परत मिळाला नाही. सासूबाई रोज बत्ता घेऊन गोठ्यात जायच्या आणि जात्याच्या दगडावर आलं कुटायच्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात सासऱ्यांचे पाय गेले. ओसरीवर, खांबाजवळ त्यांचं बाजलं टाकलं. गिरणीत येणं बंद झालं, म्हणजे आमचं बोलणंही बंद झालं. रोज संध्याकाळी मी पिठाने माखलेली यायची आणि ते खांबाकडे बघून विचारायचे, "शाफ्ट काय म्हनस?" मी खांबाला सांगायची, "बरा शे." इतकंच. दिवसभराचं सगळं माझ्या पोटात असायचं आणि खांबाला ते सांगण्यात मन रमेना. त्यांनाही आणखी ऐकायचं असे, ते मला दिसायचं, आणि वाईट वाटायचं.

एकदा सासूबाई गोठ्यातून बत्ता घेऊन येत होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि मध्येच उभ्या राहिल्या.

"खांबले काय सांगस?" त्या माझ्यावर खेकसल्या. "तो काय गिरणीवाला शे का? ज्याले कयस, त्याले सांग."

आणि आत निघून गेल्या.

मी बाजल्याशेजारी खाली बसले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती आणि त्या घरात मला सासऱ्यांशी बोलायची पहिल्यांदाच मुभा मिळाली होती. सांगायचं खूप होतं. तुमच्यामुळे माझे हात वाचले, हे तर नक्कीच सांगायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "मामाजी, आज स्क्रू अर्धा फेरा वर लिधा."

ते माझ्याकडे वळले. खांबाकडे नाही, माझ्याकडे.

"अर्धा जास्त व्हयना," ते म्हणाले. "पाव पुरता."

मग आम्ही दिवे लागेपर्यंत भांडलो.